प्रतिकृतीच्या मोटारीला प्रायमर कोणता लावावा?

ज्या घरात प्लॅस्टिकच्या मोटारी जोडून रंगविण्याचा छंद शिरला आहे, तेथे वडीलधाऱ्यांपुढे एक प्रश्न हटकून येतो. मुलासाठी संच आणलेला असतो, रंगही आणलेला असतो, आणि मग कळते की रंगाच्या आधी प्रायमर लावावा लागतो. छंदाच्या दुकानातला लहानसा डबा महाग वाटतो. हार्डवेअरच्या दुकानातला मोठा डबा स्वस्तात पडतो. मग तोच का आणू नये? व्यापारी घरात ही शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर मात्र डब्याच्या किमतीत सापडत नाही, ते आतल्या द्रावकात सापडते.

या प्रतिकृती बहुधा पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. हे प्लॅस्टिक तीव्र द्रावकापुढे टिकाव धरत नाही. त्याचे भाग ज्या पातळ सिमेंटने जोडतात, ते सिमेंटसुद्धा गोंदासारखे चिकटवत नाही. कडा विरघळवून एकजीव करते. अशा पृष्ठभागावर प्रखर थिनर असलेला प्रायमर पडला, की बारीक तडे उठतात, चकाकी जाते आणि कोरीव रेषा बोथट होतात. मोटारीचा सांगाडा तर एकसंध असतो. विमानाचा पंख बिघडला तर दुसरा बसविता येईल. गाडीचे छत, दारे, बॉनेट हे सारे एकाच तुकड्यात येते. ते बिघडले म्हणजे महिनाभराची मेहनत गेली.

येथे एका शब्दाने पुष्कळांची फसगत होते. मोटारीच्या रंगांच्या दुकानात ‘प्लॅस्टिक प्रायमर’ असे ठळक लिहिलेला डबा मिळतो. तो खऱ्या गाडीच्या बंपरसाठी केलेला असतो. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यावर कोणताही रंग सहजासहजी धरत नाही, म्हणून त्या प्रायमरमध्ये जहाल द्रावके घातलेली असतात. बंपरला जे मानवते ते पॉलिस्टायरीनला मानवेलच असे नाही. तेव्हा ‘प्लॅस्टिक’ एवढ्या एका शब्दावर विसंबून माल घेऊ नये. कोणत्या प्लॅस्टिकसाठी, हे विचारावे.

छंदासाठी केलेल्या प्रायमरांत ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिले लॅकरचे. शिझुओका येथील तामिया कंपनीचा सरफेस प्रायमर आणि जीएसआय क्रेऑस कंपनीचा मिस्टर सरफेसर ही त्यातली सर्वपरिचित नावे. हे प्रायमर प्लॅस्टिकला किंचितच चावतात, म्हणून घट्ट बसतात. लवकर सुकतात आणि वॉटर पेपरने छान घासले जातात. मिस्टर सरफेसरवर ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितका पोत बारीक. ५०० ओरखडे भरण्यापुरता ठेवावा. गाडीच्या चकचकीत अंगाला १२०० किंवा १५०० बरा.

दुसरे घराणे पाण्यात मिसळणाऱ्यांचे. स्पेनच्या वालेहो कंपनीचा ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर हे त्याचे उदाहरण. वास फार कमी, म्हणून लहान मुलांच्या घरात सोयीचा. पण त्याची पकड तुलनेने सौम्य असते. पुरता न वाळता घासला तर त्याची साल निघते, आणि मास्किंग टेप काढताना कधी कधी तो टेपबरोबरच उचलला जातो. दोन रंगी गाडी करायची असेल तर माझा कौल लॅकरलाच राहील. वर लॅकरचा रंग द्यायचा असेल, तर खालीही लॅकरच हवा. सौम्य थरावर जहाल थर चढविला की खालचा थर सुरकुततो.

प्रायमरचा रंगही विचारपूर्वक निवडावा. राखाडी रंगावर घासल्याच्या खुणा आणि सांध्यांतील उणिवा लगेच डोळ्यांत भरतात, म्हणून तो पहिल्या थराला उत्तम. पिवळा किंवा लाल रंग मात्र राखाडीवर मळकट दिसतो. त्याखाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर हवा. गुलाबी प्रायमर पाहून मुले हसतात, पण त्यावर लाल रंग खरोखरच खुलतो. काही संच लाल प्लॅस्टिकचेच येतात. तशी गाडी पांढरी करायची म्हटले, की आतला लाल रंग थरांतून वर झिरपतो आणि गाडी फिक्कट गुलाबी होते. नुसते पांढरे थर वाढवून हा झिरपा थांबत नाही. आधी चंदेरी रंगाचा एक थर द्यावा, मग पांढरा प्रायमर.

थर किती द्यावा, याचा हिशेब सोपा आहे. १/२४ प्रमाणात ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटरचा लेप! दारांच्या फटी त्यात बुजून जातात. म्हणून पातळ असे दोन-तीन थर, साधारण वीतभर अंतरावरून. त्याआधी सांगाडा भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन कोरडा करावा, कारण साच्यातील तेलकटपणा राहिला तर उत्तम प्रायमरही धरत नाही. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरवर पांढुरकी छटा येते. उघाडीची दुपार पाहावी.

फवारा उडविताना दारे-खिडक्या उघड्या असाव्यात, तोंडाला साध्या कापडाऐवजी रासायनिक वाफा अडविणारा मास्क असावा. डब्यातील वायू ज्वालाग्राही असतो. स्वयंपाकाचा गॅस, देवघरातील समई, उदबत्ती यांपासून दूर, शक्यतो गच्चीवरच हे काम करावे.

आणि कोणताही डबा, कितीही नावाजलेला असो, सांगाड्यावर प्रथम उडवू नये. भाग ज्या चौकटीला जोडून येतात, ती चौकट त्याच प्लॅस्टिकची असते आणि एरवी केरातच जाते. तिच्या तुकड्यावर प्रायमर आणि वरचा रंग, दोन्ही देऊन पाहावेत. दुसऱ्या दिवशी नखाने खरवडावे, टेप लावून ओढावी. नाकाशी धरल्यावर अजून वास येत असेल, तर तो आतून सुकलेला नाही. आणखी एक दिवस थांबून मग पुन्हा ओढून पाहावे.