काचेवरची माशी, आरशामागचा विणकर

गाडी थांबून पाच मिनिटंही झाली नव्हती. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ते आनाऊ गावाहून मिलफर्ड साउंडकडे जाणाऱ्या सुमारे १२० किलोमीटरच्या रस्त्यावर, एग्लिंटन नदीच्या खोऱ्यात आम्ही कॅम्परव्हॅन उभी केली होती. समोर वाऱ्यावर डोलणारं पिवळं गवत, पलीकडे बीच वृक्षांचं काळसर रान, त्यावर बर्फाचे कडे. मी सरकतं दार सताड उघडलं आणि चहाचं आधण ठेवायला वळले.

"आई, आधी दार लाव!"

लेक क्राइस्टचर्चला राहते, तिला या खोऱ्याची रीत ठाऊक. मी दार ओढेपर्यंत पंधरा-वीस काळे ठिपके आत शिरले होते आणि माझ्या घोट्यावर रक्ताचे दोन बारीक थेंब उभे होते. दुखलं काहीच नव्हतं. खाज सुटली ती नंतर, आणि चार दिवस पुरली.

या माशीचं माओरी नाव 'नामू'. इंग्रजीत तिला सँडफ्लाय म्हणतात, पण नावावर जाऊ नका. आपल्याकडे काळा आजार पसरवणारी सँडफ्लाय ती वेगळी. ही त्या कुळातली नाही. ही आहे ब्लॅकफ्लाय, म्हणजे काळी माशी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. न्यूझीलंडमध्ये ती माणसाला कुठलाही रोग देत नाही. छळते मात्र पुरेपूर. कॅप्टन कुक १७७३ साली 'रेझोल्यूशन' जहाज घेऊन इथल्याच डस्की साउंड खाडीत मुक्कामाला होता. त्याच्या रोजनिशीत या माशीची तक्रार आहे: सूज, न आवरणारी खाज, आणि खाजवून खाजवून देवीच्या फोडांसारखे झालेले व्रण. माओरी कथा तर सांगते की हा सगळा प्रदेश कोरून झाल्यावर मृत्यूची देवता हिने-नुई-ते-पो तो बघायला आली. इतकं देखणं ठिकाण पाहून माणसं इथून हलायचीच नाहीत, अशी तिला काळजी वाटली, म्हणून तिने नामूला मोकळं सोडलं. घोटा खाजवत ही कथा ऐकली की ती एकदम पटते.

पण ही माशी येते कुठून, हे कळलं तेव्हा मी खाज विसरले. आपला डास साचलेल्या पाण्यातला. ही खळाळत्या पाण्यातली. आम्ही ज्या नदीचं पाणी ओंजळीने प्यायला आतुर होतो, त्याच नदीच्या दगडांवर तिच्या अळ्या बसलेल्या असतात. अळी तोंडातून रेशीम काढते, दगडावर त्याची इवलीशी गादी चिकटवते आणि शेपटीकडच्या आकड्यांची गोल रांग त्या गादीत रुतवून प्रवाहात तोल सांभाळत उभी राहते. डोक्यावर दोन पंखे असतात, केसाळ, उघडमिट करणारे. वाहत्या पाण्यातून येणारे सूक्ष्म कण ती त्या पंख्यांनी गाळून खाते. पुढे कोशातून माशी बाहेर येते तीही पाण्याखालीच, आणि हवेच्या एका बुडबुड्यात बसून वर येते. पृष्ठभागावर बुडबुडा फुटतो आणि ती उडते. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीची आठवण व्हावी असा. प्रत्येक कड्यावरून धबधबा, प्रत्येक दरीत झरा. नामूसाठी याहून चांगलं पाळणाघर कुठे मिळणार?

चावणारी फक्त मादी. नर फुलांतल्या मधावर जगतो. मादीलाही रक्त हवं असतं ते अंडी वाढवायला, आणि तिची पद्धत डासाहून रांगडी आहे. डास सुईने नेमकी रक्तवाहिनी शोधतो. ही कातरीसारख्या जबड्यांनी कातडी कापते आणि जखमेत साचलेलं रक्त चाटते. रक्त गोठू नये म्हणून त्यात लाळ मिसळते. खाज येते ती त्या लाळेवर आपल्याच शरीराने दिलेल्या उत्तरातून. म्हणून तिथे नव्याने गेलेल्या माणसाला जास्त त्रास होतो आणि पुष्कळदा स्थानिकांना कमी.

आता या माशीच्या बाजूने कॅम्परव्हॅनकडे बघा. आतली चार माणसं कार्बन डायऑक्साइड सोडताहेत, इंजिनाच्या धुरातही तोच वायू आहे. अंग तापलेलं, टायर आणि खिडक्यांच्या चौकटी गडद. तिला गाडी आणि गाय यांत फरक कुठून कळायचा? नुकताच येऊन थांबलेला, धापा टाकणारा एक प्रचंड मोठा प्राणीच तो! हे एकदा ध्यानात आलं की उपायही तिच्या जाणिवांतूनच सुचतात. गाडी ओढ्याच्या कडेला, झाडाच्या आडोशाला लावायची नाही. उघड्यावर, वाऱ्यात लावायची. ही माशी उडण्यात इतकी कच्ची आहे की भरभर चालणाऱ्या माणसालाही गाठू शकत नाही, मग वाऱ्यापुढे तिचा काय पाड! पोचल्या पोचल्या सगळी दारं उघडायची नाहीत. अंगावर पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे, पायात मोजे. दाराला बारीक विणीची जाळी.

आणि आत शिरलेल्या माशांचं काय? इथे लेकीनं जे केलं ते पाहून मी थक्क झाले. तिने सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढले, फक्त पुढची काच उघडी ठेवली. एकेक माशी चावायचं सोडून त्या उजेडाकडे गेली आणि काचेवर वरखाली धावू लागली. बंद जागेत सापडली की तिला उजेडाची ओढ भुकेपेक्षा जास्त. मग ओल्या फडक्याचा एक हात फिरवला की झालं. चालत्या गाडीत तर तेवढंही नको: दोन्ही खिडक्या खाली करायच्या, वारा त्यांना बाहेर काढतो. दोन सावधगिऱ्या मात्र मनापासून सांगते. झोपायच्या एवढ्याशा बंद जागेत कॉइल जाळू नका, आणि गॅसची शेगडी पेटलेली असताना फवारा मारू नका. अंगाला लावायच्या औषधात डीट असेल तर हात पुसूनच स्टिअरिंगला लावा. ते द्रव्य प्लास्टिक खातं.

अंधार पडला की नामूचं चावणं थांबतं. आणि तेव्हा आरशामागचा विणकर बाहेर येतो.

न्यूझीलंडमध्ये मोटारींच्या बाहेरच्या आरशाला कोळ्याचं जाळं नाही असं क्वचितच दिसतं. हा कोळी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, राखाडी रंगाचा, घरांच्या भिंतींवरही राहणारा. शास्त्रीय नाव बॅडम्ना लाँगिंक्वा. आरसा आणि त्याचं आवरण यांमधली फट म्हणजे त्याला हवी तशी काळोखी बीळवजा खोली. दिवसा आत, रात्री बाहेर. ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या गाडीवर त्याचं जाळं टिकतं कसं, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. पहाटे गाडी निघाली तेव्हा आरशापासून दारापर्यंत निळसर, पिंजल्यासारखे धागे होते. संध्याकाळी फाटके का होईना, पण होते!

बागेतल्या गोल जाळ्यात चिकट थेंब असतात. या कोळ्याचं रेशीम कोरडं असतं. त्याच्या पोटाखाली एक चाळणीसारखी पट्टी असते, तिला हजारो सूक्ष्म छिद्रं. त्यांतून निघणारे तंतू तो मागच्या पायांवरच्या केसांच्या फणीने विंचरतो, अगदी आपला पिंजारी कापूस पिंजतो तसे. एकेक तंतू माणसाच्या केसाच्या हजारपट बारीक. किड्याचा पाय त्यात पडला की इतके तंतू एकदम बिलगतात की गोंदाची गरजच उरत नाही, आणि किड्याच्या अंगावरचं मेण त्या तंतूंत शिरून पकड आणखी घट्ट होते. किडा स्वतःच्याच मेणाने चिकटतो! डिंक नाही, म्हणून वाळायची भीती नाही. आपण ज्याला जळमट म्हणून केरसुणीने झटकतो, ते हे असं काम असतं.

तरी गाडीच्या आत ते नकोच, हे मलाही मान्य आहे. त्याला कारणही आहे. या विणकराला खाणारा दुसरा एक कोळी आहे, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका असलेला. जाळं लावून वाट बघणं त्याला माहीत नाही. तो रात्री हिंडतो आणि दुसऱ्या कोळ्यांच्या घरात शिरून त्यांनाच मारतो. हिंडता हिंडता तो जमिनीवर पडलेल्या टॉवेलात, पांघरुणात, बुटात शिरतो आणि दाबला गेला की चावतो. याच्या चाव्याने मांस सडतं अशी भीती कित्येक वर्षं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, दोन्ही देशांत होती. जेफ्री इस्बिस्टर आणि माइक ग्रे या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००३ साली अशा खात्रीच्या १३० चाव्यांचा अभ्यास छापला. वेदना होत्या, लाली होती, पण सडणारी जखम एकाही माणसाला झाली नव्हती. एका साध्या, चिकाटीच्या मोजणीने केवढी मोठी भीती उतरवली!

म्हणजे साखळी अशी. आपण रात्री दिवा लावतो, दिव्यावर पतंग येतात, पतंगांसाठी विणकर येतो, विणकरासाठी पांढऱ्या शेपटीचा. फवारा या साखळीच्या शेवटच्या कडीवर मारला जातो, आणि पहिली कडी आपल्या बोटाखाली, बटनावर असते. पडदे ओढायचे, दाराबाहेरचा दिवा बंद ठेवायचा. आतली जळमटं रोज झटकायची. कपडे जमिनीवर टाकायचे नाहीत, बूट झटकून घालायचे. कोळी दिसलाच तर वर पेला, खाली पोस्टकार्ड, आणि बाहेर.

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर मुक्काम असेल तर वाहून आलेली लाकडं गाडीत आणू नयेत. क्राइस्टचर्चजवळच्या कायटोरेटे पट्ट्यात त्यांच्याखाली काटिपो राहतो, न्यूझीलंडचा विषारी कोळी. तो इतका दुर्मीळ झाला आहे की २०१० पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्यापासून आपल्याला जपायचं, त्याहून जास्त आपल्यापासून त्याला.

ढेकणांबद्दल थोडक्यात. भाड्याच्या गाडीत सामान गादीवर ठेवण्याआधी टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी बघाव्यात. काळे ठिपके दिसले तर गाडी बदलून मागावी. शंका आली तर कपडे मुक्कामाच्या ठिकाणच्या ड्रायरमध्ये कडक गरम फिरवावेत. पन्नास अंशांपुढे ढेकूण तग धरत नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही ते आनाऊच्या गुहा पाहिल्या. सरोवरातून बोटीने पलीकडे जायचं, मग खडकाच्या पोटात शिरायचं. १९४८ साली त्या पुन्हा सापडल्या. आत लहान नावेत बसवतात, बोलायचं नाही, दिवा नाही. वर छतभर निळे बिंदू. तेही अळ्यांचेच, नामूच्या लांबच्या नात्यातल्या एका चिलटाच्या अळ्यांचे. शास्त्रज्ञांनी त्यांना दिलेल्या ॲराक्नोकॅम्पा या नावातच कोळी आहे, कारण ही अळीसुद्धा रेशमाचे धागे सोडते, त्यांवर चिकट मण्यांची माळ ओवते आणि शेपटीकडचा दिवा लावून वाट बघते. खालच्या ओढ्यातून उडालेलं चिलट त्याला आकाश समजून वर येतं. हे धागे वाऱ्यात टिकत नाहीत, गुंततात. म्हणून त्यांना गुहेत असते तशी निश्चल हवा लागते. प्रौढ चिलटाला खाण्याजोगं तोंडच नसतं. ते थोडे दिवस जगतं, अंडी घालतं, संपतं. खाणं आणि चमकणं, दोन्हीचा मोठा काळ अळीपणातच.

गाडीत परत आलो तेव्हा काळोख झाला होता. लेकीचा हात बटनाकडे गेला. "राहू दे गं," मी म्हटलं. चाचपडत पांघरूण ओढलं. बाहेर आरशाच्या फटीतून दोन राखाडी पाय निघाले होते आणि दिवसभरात फाटलेल्या जाळ्याची एक कड चाचपत होते.