विश्लेषण : चिकन बंद, पण पापलेट चालते? कॅथलिक घरांतल्या उपवासकाळाचा हिशेब कसा मांडला जातो?

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये भाविकांच्या कपाळावर लावली जाणारी राख परंपरेने आदल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद मिळालेल्या या झावळ्या लोक घरी नेतात, क्रूसामागे किंवा तसबिरीला खोचून वर्षभर जपतात आणि मग चर्चमध्ये परत आणून देतात. त्या जाळून राख तयार होते. वसईपासून गोव्यापर्यंत कॅथलिक घरांतला ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ या राखेने सुरू होतो. कुणी मटण सोडते, कुणी दारू, तर हल्लीची मुले रील्स सोडतात. हे सोडायचे कशासाठी, त्यातून वाचलेल्या पैशांचे काय करायचे आणि कृतज्ञतेचा या सगळ्याशी संबंध काय, याविषयी…

नियम नेमका काय आहे?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्या दिवशी उपवास नसतो. सहा रविवार वगळले की चाळीस उरतात.

या चाळीस दिवसांत उपवासाची सक्ती मात्र फक्त दोनदा आहे, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. तीही १८ ते ५९ वयोगटातील निरोगी माणसांना. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचे आणि दोनदा थोडेसे खायचे. ही दोन थोडकी खाणी मिळून एका पूर्ण जेवणाइतकी होता कामा नयेत. मांस वर्ज्य करण्याचा नियम वयाच्या १४व्या वर्षापासून लागू होतो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार, असे हे आठ दिवस. पूर्वीचे नियम बरेच कडक होते. पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये ते सैल केले आणि प्रार्थना व दानधर्मावर अधिक भर दिला.

म्हणजे सक्ती आठच दिवसांची. बाकी काय सोडायचे, किती दिवस सोडायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मग मासे कसे चालतात?

चर्चच्या नियमात ‘मांस’ म्हणजे जमिनीवरचे प्राणी आणि पक्षी. मासे त्यात येत नाहीत. मांस हे मेजवानीचे अन्न आणि मासळी हे साधे अन्न, अशी जुन्या युरोपातली समजूत या नियमाशी जुळते. कोकण किनाऱ्यावर मात्र हे गणित उलटे पडते. पापलेट आणि सुरमई इथे पाहुण्यांसाठी आणतात, तर ब्रॉयलर चिकन रोजचे झाले आहे.

उदाहरणादाखल एका चौकोनी कुटुंबाचा हिशेब मांडून पाहू. समजा, या घरात आठवड्यातून तीनदा चिकन होते आणि एका वेळी ३०० रुपये लागतात. उपवासकाळाच्या सहा आठवड्यांत असे १८ प्रसंग येतील, खर्च ५,४०० रुपये. त्याऐवजी प्रत्येक वेळी १०० रुपयांत वालाची उसळ किंवा भाजी केली, तर ३,६०० रुपये हातात राहतील. चिकनच्या जागी ६०० रुपयांची सुरमई आणली, तर तेवढ्याच प्रसंगांत ५,४०० रुपये जास्त जातील. नियम दोन्ही घरांनी पाळला. दुसऱ्या घरात काटकसर मात्र झाली नाही, उलट उपवासाचा खर्च वाढला!

ही पळवाट कुणाला ठाऊक नाही असे नाही. धर्मगुरूही प्रवचनात त्यावरून चिमटे काढतात. नियमाचा रोख ताटात काय आहे यापेक्षा ताटात काय कमी केले यावर आहे.

वाचलेले पैसे कुणाचे?

कॅथलिक काटकसर आणि ‘महिन्याला बचत कशी कराल’ छापाचे सल्ले यांत इथे फरक पडतो. उपवासकाळाचे तीन खांब मानले जातात : प्रार्थना, उपवास आणि दान. पोप लिओ पहिले यांनी पाचव्या शतकातल्या प्रवचनांत उपवासाला दानाची जोड देण्याचा आग्रह धरला होता. श्रीमंताने जे खाल्ले नाही ते गरिबाच्या पोटात जावे, असा त्यामागचा विचार. याचा अर्थ वरच्या उदाहरणातले ३,६०० रुपये त्या घराचे उरत नाहीत. ते फ्रिजच्या हप्त्यात गेले तर ती नुसती बचत झाली.

व्यवहारात हे अगदी साध्या पद्धतीने चालते. अनेक चर्चमधून घरोघरी पाकिटे किंवा पुठ्ठ्याचे छोटे डबे दिले जातात. जेवणाच्या टेबलावर डबा ठेवायचा आणि न केलेल्या खर्चाचे पैसे त्यात टाकायचे. पवित्र आठवड्याच्या सुमारास डबे परत जातात. १९६२ मध्ये स्थापन झालेली ‘कारितास इंडिया’ ही कॅथलिक बिशपांची समाजकार्य संस्था उपवासकाळात भूक आणि रोगराईविरोधात निधी गोळा करते. स्थानिक पातळीवर सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचे स्वयंसेवक गरजू घरांना शिधा, औषधे, शाळेची फी पुरवतात. ही संघटना १८३३ मध्ये पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाने सुरू केली होती.

वसईत काटकसरीने आणखी एक रूप घेतले. शेती, बागायती आणि मासेमारीवर जगणाऱ्या इथल्या मराठी भाषक कॅथलिक समाजासाठी १९१८ मध्ये सहकारी पतसंस्था उभी राहिली. तीच आजची बॅसिन कॅथलिक बँक. थोडे थोडे पैसे एकत्र ठेवून एकमेकांना कर्ज द्यायचे, सावकाराच्या दारात जायचे नाही, हे सहकारी पतसंस्थेचे तत्त्व. हे दान नव्हे. पण स्वतःच्या गरजेपुरते राखून उरलेले शेजाऱ्याच्या कामी यावे, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे.

यात कृतज्ञता कुठे येते?

मिस्साबलिदानासाठी वापरला जाणारा ‘युखारिस्त’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ आभार मानणे असा आहे. घरात हेच आभार जेवणाआधीच्या छोट्या प्रार्थनेत मानले जातात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लावदातो सी’ या परिपत्रकात जेवणापूर्वी आणि जेवणानंतर आभार मानण्याची सवय पुन्हा लावून घ्यायला सांगितले. ते अन्न आपल्यापर्यंत आणणाऱ्या कष्टकऱ्यांची आठवण त्यातून राहते, असे कारण त्यांनी दिले. संपेल एवढेच शिजवावे, असेही त्याच परिपत्रकात आहे. अर्ध्या मिनिटाची प्रार्थना आणि उरलेला भात, एकाच दस्तावेजात!

शेतीशी नाते असलेल्या ठिकाणी हे आभार सणातून दिसतात. गोव्यात ताळगावला ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त असते. मंगळूरच्या कोकणी कॅथलिकांकडे ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, चर्चमध्ये नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो. घरी त्यातले दाणे दुधात किंवा खिरीत घालून सगळ्यांना वाटतात आणि जेवण पूर्ण शाकाहारी असते. परदेशातल्या मुलांना पाकिटातून दाणे पाठवणारी घरेही आहेत. वसईत आगाशीच्या परिसरात पिकलेली राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. त्याला कुणी धार्मिक विधी म्हणत नाही, पण हाती आलेले वाया न घालवण्याचा हा जुनाच मार्ग.

काटकसर कुणाच्या वाट्याला येते?

हा भाग प्रवचनांत कमी येतो. घरात ‘साधे जेवण’ ठरले तरी ते रांधायचे बाईलाच असते आणि कमी पडले तर तिच्याच ताटात कमी पडते. त्यात सगळ्यांच्या हौशीला कात्री लागली नाही, तर त्याला कुटुंबाची काटकसर म्हणणे कठीण.

दुसरा मुद्दा लग्नाचा. उपवासकाळात सहसा लग्ने लावत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाला की बार उडायला लागतो. हॉल, गाऊन, बँड, कॅटरिंग, दारू यांवर एका दिवसात जे जाते, ते टेबलावरच्या डब्यांत अनेक उपवासकाळ मिळूनही जमत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये या विषयाला थेट हात घातला. पत्रिका, कपडे आणि पार्टी यांत पैसा, शक्ती आणि आनंद तिन्ही आटतात, असे नमूद करत त्यांनी जोडप्यांना वेगळे वागण्याचे धाडस करा, साधे लग्न करा, असे सुचवले. खर्चाच्या धास्तीने काही जोडपी लग्नच करत नाहीत, हेही त्यांनी लिहिले.

साध्या लग्नाला चर्चच्या नियमांची आडकाठी नाही. लग्न वैध ठरण्यासाठी वधू-वरांची संमती, अधिकार असलेला धर्मगुरू आणि दोन साक्षीदार पुरतात. हॉलचा उल्लेख त्यात कुठेही नाही.