पेरायचं किती, राखायचं किती

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की मराठवाड्यातल्या गावांत दुसऱ्या दिवशी एकच विषय असतो: पेरायचं की थांबायचं? लवकर पेरलं आणि पाऊस टिकला तर पीक जोमात येतं, पुढे रब्बीला रानही वेळेवर मोकळं होतं. लवकर पेरलं आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली तर कोवळे मोड करपतात आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. फार थांबावं तर मूग-उडदाचा हंगाम हातचा जातो. शेजाऱ्याने तिफण धरली की आपलाही धीर सुटतो, हे वेगळंच.

पुढचं काही दिसत नसताना बेत कसा आखायचा, हा प्रश्न आज नोकरी शोधणाऱ्यालाही पडलाय आणि कर्ज काढून दुकान टाकणाऱ्यालाही. त्याचं सर्वांत स्वच्छ उत्तर मात्र वाळवंटातल्या काही हंगामी रोपांनी फार पूर्वी काढून ठेवलं आहे.

ही रोपं एकाच पावसाची धनी. पाऊस आला की उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. पण उगवल्यावर पाऊस दगा देऊन गेला, तर बी न टाकताच मरायचं. १९६६ साली डॅन कोहेन या इस्रायली शास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं. ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे. समजा, एका जातीच्या सगळ्या बिया दर वर्षी उगवतात. चांगल्या वर्षी एका बीच्या दहा होतात, कोरड्या वर्षी शून्य. लागोपाठ नऊ वर्षं चांगली गेली, तर एका बीच्या शंभर कोटी बिया होतील. दहाव्या वर्षी दुष्काळ पडला की शिल्लक किती? शून्य. आधीच्या शंभर कोटींनी काहीच फरक पडत नाही, कारण इथे वर्षांची बेरीज होत नसते, गुणाकार होत असतो.

आता दुसरी जात घेऊ. तिच्या दर वर्षी अर्ध्याच बिया उगवतात, अर्ध्या मातीत तशाच पडून राहतात. पडून राहिलेल्या सगळ्या जगतात असं सोयीसाठी धरू. चांगल्या वर्षी एका बीच्या साडेपाच होतात, कोरड्या वर्षी अर्धी उरते. नऊ चांगल्या वर्षांनंतर हिच्याकडे जेमतेम ४६ लाख बिया असतील. शंभर कोटींपुढे हा आकडा अगदीच किरकोळ. पण दहाव्या वर्षीच्या दुष्काळानंतर हिच्याकडे २३ लाख बिया शिल्लक असतात आणि पहिली जात नामशेष झालेली असते.

हे नुसतं कागदावरचं गणित राहिलं नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसान शहराला लागून टुमामॉक नावाची टेकडी आहे. तिथल्या वाळवंटी प्रयोगशाळेच्या आवारात लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२पासून हिवाळी पावसावर उगवणाऱ्या रोपांची वर्षानुवर्षं मोजदाद ठेवली. कोणत्या जातीच्या किती बिया उगवल्या, त्यातल्या किती जगल्या, त्यांनी किती बी टाकलं, हे सगळं नोंदलं. २००७ साली त्यांनी निष्कर्ष छापला. ज्या जातीच्या उत्पन्नात वर्षागणिक जास्त चढउतार, त्या जातीच्या बिया कमी प्रमाणात उगवतात आणि जास्त प्रमाणात मातीत राखून ठेवल्या जातात. कोहेनचं गणित हेच सांगत होतं.

मला यातला दुसरा अर्धा भागही तितकाच मोलाचा वाटतो. राखून ठेवण्याला किंमत मोजावी लागते आणि ती चांगल्या वर्षी मोजावी लागते. ज्याचं पाटाचं पाणी हमखास आहे, ज्याचा पगार ठरलेल्या तारखेला जमा होतो, त्याने भीतीपोटी अर्धं बी घरात ठेवलं तर ते त्याचं नुकसानच. राखायचं किती, हे आपापल्या आयुष्यातल्या चढउतारावर ठरतं. म्हणून सर्वांना एकच सल्ला देणाऱ्या यशाच्या पुस्तकांवर माझा विश्वास नाही. हजार शेतं असलेल्या कंपनीला सरासरी बघून चालतं, कारण एक शेत बुडालं तरी बाकीची तरतात. चार एकरांच्या घराला सरासरी बघून चालत नाही. त्याला एक वर्ष शून्याचं आलं की पुढच्या वर्षीच्या पेरणीलाच हातात काही उरत नाही.

आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याने हे आपल्या परीने ओळखलं होतं. ज्वारीत तुरीचं तास टाकणं, बाजरीत मटकी-हुलगा मिसळणं ही जुनी रीत. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या राव आणि विली या शास्त्रज्ञांनी ज्वारी आणि तुरीच्या आंतरपिकाचे ९४ प्रयोग एकत्र करून १९८० साली हिशेब मांडला. घरावर संकट येईल इतकं कमी उत्पन्न कोणतं, अशी एक रेघ त्यांनी ठरवली. एकटी तूर पाच वर्षांतून एकदा त्या रेघेखाली जात होती. एकटी ज्वारी आठ वर्षांतून एकदा. दोन्ही मिळून पेरली, तर छत्तीस वर्षांतून एकदा. तुरीचं सोटमूळ खोल जातं आणि तिचा मुक्कामही लांब, पाच-सहा महिन्यांचा. मधल्या खंडात ज्वारी माघारली, तरी परतीच्या पावसावर तूर सावरते. दोघींची संकटं एकाच वेळी येत नाहीत, यातच सगळी मेख आहे. तेव्हा दुसरा पर्याय निवडताना पहिला ज्या कारणाने बुडेल त्याच कारणाने तोही बुडणार नाही ना, हे आधी पाहावं. दोन्ही भाऊ एकाच कारखान्यात कामाला असतील, तर घरात पगार दोन आले तरी आधार एकच असतो.

कुणी म्हणेल, आता हवामानाचे अंदाज इतके सुधारलेत, मग राखायचं कशाला? अंदाज सुधारलेत हे खरंच आणि ते ऐकावेतच. पण ते काय सांगतात, हेही बघावं. हवामान विभाग एप्रिलमध्ये देशभराच्या चार महिन्यांच्या पावसाचा अंदाज देतो, ८७ सेंटिमीटर या दीर्घकालीन सरासरीच्या टक्क्यांत. आपल्या शिवारात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडेल का, याचं उत्तर त्यात नसतं. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली दाखवून दिलं की वातावरणाची आजची स्थिती मोजताना राहिलेली बारीकशी चूकही पुढे वाढत जाते. त्यामुळे नेमक्या दिवसाच्या हवामानाच्या अंदाजाला साधारण दोन आठवड्यांची मर्यादा पडते. यंत्रं कितीही वेगवान झाली तरी ही मर्यादा फार ढळणारी नाही. आणि पाऊस ओढ देतो तो ऐन मोक्याच्या वेळीही: २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तोही सोयाबीन फुलात आणि शेंगांत असताना.

मग बेत कशावर बांधायचा? आपत्कालीन पीक आराखडा त्याचं फार चांगलं उत्तर देतो. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या साडेसहाशेहून अधिक जिल्ह्यांसाठी असे आराखडे तयार झाले आहेत. परभणीचं कृषी विद्यापीठही मराठवाड्यासाठी दर हंगामात हे सल्ले देतं. पाऊस किती पडेल हे त्यात सांगितलेलं नसतं. पाऊस अमुक तारखेला आला तर काय करायचं, ते असतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. ७ जुलै उलटली तर मूग-उडीद विसरा. सोयाबीन आणि कापूस साधारण जुलैच्या मध्यापर्यंत. त्यानंतर बाजरी, तूर, सूर्यफूल, तीळ, एरंडी. प्रत्येक ओळीत एक खूण आहे, एक तारीख आहे आणि त्यावर करायची कृती आहे. हे सगळं मे महिन्यात, डोकं शांत असताना ठरवलेलं असतं.

डोकं शांत असताना, हे महत्त्वाचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ४५ जणांवर झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. पडद्यावर दगड दिसायचे, त्याखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजून प्रत्येकाचा ताण टिपला गेला. झटका बसणारच हे पक्कं असताना ताण कमी होता. तो सर्वांत जास्त होता, शक्यता अगदी अर्धी-अर्धी असताना. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या आभाळाकडे बघणारा माणूस नेमका त्याच जागी उभा असतो. अशा वेळी निर्णय घ्यायचा म्हणजे तो बहुधा शेजाऱ्याकडे बघून घेतला जातो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी इथेच उपयोगी पडेल असं काम केलं. १९९७ सालच्या त्यांच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी घालवली, याचं टिपण दोन दिवसांत लिहून पाठवायचं होतं. काहींना ते कधी आणि कुठे बसून लिहिणार, एवढंच आधी ठरवायला सांगितलं. त्यांच्यापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी टिपण पाठवलं. बाकीच्यांत हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होतं. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ एवढं पक्कं ठरलेलं असलं, की ऐन वेळी मनाशी झगडावं लागत नाही.

माझ्या डोळ्यांपुढे इथे पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसलेली मुलंमुली येतात. मार्च २०२१मध्ये लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली आणि ती शास्त्री रस्त्यावर उतरली. त्यांचा संताप रास्त होता. खेड्यातून आलेल्या, आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेल्या मुलांचा तो प्रश्न होता. ध्येय सोडा, असं मी त्यांना कधीच म्हणणार नाही. पण ‘अधिकारी होईन’ एवढाच बेत असेल तर तो सगळं बी एकाच पावसावर टाकल्यासारखा होतो. कितव्या प्रयत्नानंतर, कोणत्या तारखेला, कोणता दुसरा रस्ता धरायचा, हे पहिल्या वर्षीच वहीत लिहून ठेवावं आणि घरच्यांनाही सांगावं. तो रस्ता शक्यतो अशा कामाचा असावा, ज्याची दारं त्याच आयोगाच्या जाहिरातीवर उघडत वा मिटत नाहीत.

मोठा निर्णय घेण्याआधी छोटी चाचणी घेता येते, तीही घ्यावी. सोयाबीनचं घरचं बियाणं पेरायचं असेल तर कृषी विभाग सांगतो तसं ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवडाभरात मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. कमी आले तर बियाणं वाढवा किंवा बदला. मूठभर दाण्यांत एका हंगामाचा धोका कळतो. नोकरी सोडून धंदा करू पाहणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी दहा गिऱ्हाइकं करून बघता येतात, ती याच जातीची चाचणी.

एवढं सगळं एकट्या घराच्या अंगावर टाकून मात्र चालणार नाही. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ साली त्याचा कायदा झाला, आणि पीक बुडालं तरी हाताला काम मिळण्याचा हक्क गावाला मिळाला. ज्याच्याकडे राखायला काहीच नाही, त्याच्यासाठी समाजाने राखून ठेवलेलं ते बी होतं. पीक आराखड्यालाही तोच न्याय लागू आहे. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाजरी, तीळ, सूर्यफूल पेरा असं त्यात लिहायचं असेल, तर त्या पंधरवड्यात त्यांचं बियाणं तालुक्याच्या दुकानात आलेलं असलं पाहिजे, आणि त्याची मागणी एप्रिलमध्येच नोंदवली गेली पाहिजे.