सिस्टरनं सुई का दिली नाही?

पावसाळ्यात पैठण किंवा गंगापूर तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात थोडा वेळ बसून बघा. तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आई येते. सिस्टर त्याचा सदरा वर करते, घड्याळ हातात धरते आणि मिनिटभर नुसती त्याच्या पोटाकडं बघत राहते. सोबत आलेल्या आजोबांचा धीर सुटतो. 'बघत काय बसल्या, एक सुई द्या अन् मोकळं करा!'

सिस्टर फक्त सुई टोचायला आणि गोळ्या वाटायला असते, निदान डॉक्टरच करतात, हा पहिला गैरसमज. त्या मिनिटात निदानच चाललेलं असतं. ती श्वास मोजत असते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि पुढं पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर खोकल्याच्या लेकराला न्यूमोनिया आहे असं धरून पुढचं पाऊल उचलायचं, असा लिखित नियम आहे. बाळ रडत असेल किंवा अंगावर पीत असेल तर आकडा चुकतो, म्हणून ती त्याला शांत होऊ देते. अगदी तान्ह्या बाळाचा आकडा ६० च्या वर गेला तर ती पुन्हा मोजते.

मोजून झालं की प्रश्न सुरू होतात. दूध ओढतंय का? प्यायलेलं सगळं उलटून टाकतंय का? झटका आला होता का? नेहमीपेक्षा सुस्त आहे का? दूध 'ओढत नाही' किंवा बाकीच्या प्रश्नांत एकही 'हो' असं उत्तर आलं, तर मूल घरी पाठवायचं नाही. तसं काही नसेल आणि दोन महिन्यांवरच्या मुलाचा फक्त श्वास वेगात असेल, तर अमॉक्सिसिलिन देऊन दोन दिवसांनी परत बोलवायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मात्र थेट मोठ्या दवाखान्यात. म्हणून आईनं ही उत्तरं लाजून किंवा घाईनं देऊ नयेत. निर्णयाचं निम्मं वजन त्यांच्यावर असतं.

सुई-सलाईन म्हणजेच खरा इलाज, ही समजूत तर मराठवाड्यात फार खोल रुजली आहे. जुलाब झालेल्या लेकराच्या पोटाची कातडी सिस्टर चिमटीत धरून सोडते. ती हळू मागं गेली, डोळे खोल गेलेले दिसले, तर अंगातलं पाणी कमी झालंय. पण मूल पिऊ शकत असेल तर बहुतेक वेळा ओआरएस पुरतं. सोबत झिंकची गोळी १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून घरोघरी ती बंद होते, हे चूक आहे. साध्या पाण्यासारख्या जुलाबात अँटिबायोटिकचा उपयोग नाही. शौचातून रक्त पडत असेल तर गोष्ट वेगळी.

'एवढं शिक्षण नसलेल्या बाईनं असले निर्णय घ्यावेत का?' असं शिकलेले लोकही विचारतात. त्याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला आणि २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. प्रशिक्षण, नियम आणि पाठीशी उभा असणारा डॉक्टर, या तिन्ही गोष्टी असल्या की हे काम होतं. यातली एक जरी ढिली पडली तर दोष एकट्या सिस्टरच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही आहे. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात. त्यांत नर्सिंगचे पदवीधर आहेत, आयुर्वेदाचेही. म्हणून त्यांनी कुठलंही औषध लिहून द्यावं, असा आग्रह होतो. तसं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्यसेवकांना मर्यादित परवान्याची तरतूद आहे. तीही प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक उपचारांतल्या ठरवून दिलेल्या औषधांपुरती. बाकीचं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बीपीचंच घ्या. उपकेंद्रात १४०/९० किंवा वर आकडा आला म्हणून लगेच गोळी मिळत नाही. बसवून, शांत करून पुन्हा मोजतात. गोळी प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर सुरू करतात, महिन्याच्या महिन्याला ती देणं आणि तपासणं उपकेंद्राकडं. आणि आकडा उतरला तो गोळीमुळं, तेव्हा ती आपल्या मनानं सोडायची नाही.

'पुढं पाठवलं, म्हणजे हात झटकले' ही तक्रार मात्र सगळ्यात जास्त नुकसान करते. सोयगावची गरोदर बाई, बीपी वाढलेलं, डोकं फुटायला लागलेलं, डोळ्यांपुढं अंधारी आणि मग झटका. घाटीचं मोठं सरकारी रुग्णालय तिथून शंभरेक किलोमीटरवर. अशा वेळी आरोग्यसेविकेला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देण्याची मुभा आहे: दोन्ही कुल्ल्यांत खोल, पाच-पाच ग्रॅम. मग १०८ ची रुग्णवाहिका. वाटेत झटका पुन्हा येऊ नये म्हणून हे औषध असतं. पाठवण्याचा निर्णय हाच तिथला उपचार, आणि तो नातेवाइकांनी 'आधी घरी विचारून येतो' म्हणून लांबवला तर औषधाचा फायदा वाटेतच संपतो.

सोबतची चिठ्ठी जपून न्या. बीपी किती होतं, झटका कधी आला, डोस किती वाजता दिला, हे तिच्यावर असतं. हे औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो, म्हणून पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टर गुडघ्यावर ठोकून पाय उसळतो का ते, लघवी आणि श्वास तपासतात. घाटीच्या अपघात विभागात पोचल्यावर पेशंटच्या आधी ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या.