लिंबू-कोकमाने हृदयातली रक्ताची गाठ विरघळते का?

"लिंबान रगात पातळ होता, मगे गोळ्यो कित्याक?" मालवणच्या किनाऱ्यावरून आलेल्या एका काकांनी मला विचारलं. दोन महिन्यांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला होता. गोळ्या बंद करून ते रोज लिंबू, लसूण आणि व्हिनेगरचं मिश्रण घेत होते.

या समजुतीचं मूळ खरं आहे. सायट्रिक अ‍ॅसिडचा क्षार, म्हणजे सायट्रेट, रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतो आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. 1914 साली ब्रुसेल्समध्ये ह्युस्टिन आणि ब्यूनोस आयर्समध्ये आगोते यांनी याच युक्तीने रक्त न गोठवता रुग्णाला दिलं. आजही रक्तपेढीच्या पिशवीत आणि आयएनआर तपासणीच्या निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं.

पण ते नळीत. पोटातून गेलेलं सायट्रिक अ‍ॅसिड शरीर ऊर्जेसाठी जाळून टाकतं, आणि रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोरपणे सांभाळतं. मुतखड्यासाठी भरपूर पोटॅशियम सायट्रेट घेणाऱ्यांचंही रक्त त्यामुळे पातळ होत नाही.

शिवाय 'ब्लॉकेज' म्हणजे नुसती रक्ताची गाठ नव्हे. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साठते. तिच्यावरचा पापुद्रा फाटला की प्लेटलेट्स तिथे चिकटतात आणि काही मिनिटांत गाठ होते. नवा स्टेंट हाही प्लेटलेट्सना चिकटायला जागा देतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल नेमकं हे चिकटणंच रोखतात. त्या मध्येच सोडल्या तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो, आणि तो झटका जिवावर बेततो. काका वेळेत आले. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू केल्या.

मग लिंबू-कोकम बंद? अजिबात नाही. सोलकढी मीही पितो! फक्त आगळात मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल किंवा पायाला सूज येत असेल तर बिनमिठाची आमसुलं भिजवून घ्या. ग्रेपफ्रूटमुळे अ‍ॅटोरवास्टॅटिनसारख्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आपलं पपनस त्याचंच नातेवाईक, म्हणून चतुर्थीला ते भरपूर खाणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोळ्यांनी पित्त होत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, खर्च झेपत नसेल, तर तसं स्पष्ट सांगा, पर्याय असतात. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर लिंबूपाणी करत बसू नका, 108 ला फोन करा.