मंगलभाषित आणि आजीचे जाणे

अशुभाचा थेट उच्चार टाळून सौम्य शब्द योजणे म्हणजे मंगलभाषित. दिवा 'मालवतात', बांगडी 'वाढते'. बारामती-इंदापूरकडे वृद्ध आजीही 'मेली' नसते. ती 'वारली', 'देवाघरी गेली' किंवा 'सुटली'.

यांतील 'सुटली' लक्षपूर्वक पाहावे. त्यात आजारपण, परावलंबन हे बंधन गृहीत आहे. भेटीस आलेले 'पिकलं पान होतं' असेही म्हणतात. तिची सेवा केलेल्या नातवाला मात्र हे शब्द बोचतात, कारण त्याच्या दुःखाला ते वयाची मर्यादा घालतात. मंगलभाषित पुष्कळदा ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्याचीच सोय पाहते, असे मला वाटते.

निधनवार्तेतील 'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. उपाधी आदराची दिसते, परंतु नावाआधी वैधव्य सांगते. २०२३ मध्ये 'विधवा' शब्दाऐवजी ती शासनव्यवहारात आणण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्यावर टीका झाली.

नीरा-भीमा संगमावर, नरसिंहपूर येथे, दशक्रियेच्या वेळी 'कावळा शिवला' म्हणतात, ते मात्र मंगलभाषित नव्हे. पिंडाला कावळा खरोखरच शिवावा लागतो. तो शिवेना, की आप्त हात जोडतात आणि इतके दिवस आडवळणाने जिच्याविषयी बोलले, त्या आजीलाच थेट विचारतात, "तुझं काय राहिलं?"