अंध विधवेस दिलेले अंथरूण

मुरारलगतच्या आमच्या थाटीपुरात आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघर फिरताना एक गोष्ट माझ्या ध्यानी पुनःपुन्हा येते. घरातील म्हातारी आजी बहुधा अगदी मागच्या खोलीत, नाहीतर व्हरांड्याच्या कोपऱ्यात असते. धर्मगुरू आल्याची चाहूल लागताच ती भिंतीचा आधार घेऊन उठू पाहते आणि आपली खाट झटकून "फादर, इथे बसा" असे म्हणते. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळूरला नोकरीस असतो. त्याच्याकडून महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. तो स्वतः मात्र क्वचितच येतो. मी त्याला दोष देत नाही. पोटामागे माणसाला जावेच लागते. परंतु ती खाट पाहिली की मला दुसऱ्या एका अंथरुणाची आठवण होते. त्या अंथरुणापासून निराधार वृद्धांच्या सेवेचे एक फार मोठे कार्य उभे राहिले. ते घडले दूर फ्रान्स देशात. पण त्याचा धागा आपल्या कलकत्त्यापर्यंत आणि मुंबईपर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणून प्रिय वाचकहो, ती हकिकत आज आपणांपुढे ठेवीत आहे.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात कांकाल नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तेथे २५ ऑक्टोबर १७९२ रोजी झान झ्युगाँ हिचा जन्म झाला. बाप दर्यावर्दी होता. झान चार वर्षांची होण्याच्या आतच तो समुद्रात नाहीसा झाला आणि आईने मोलमजुरी करून मुले वाढविली. आपल्या वसई-उत्तनच्या कोळीवाड्यांतील वाचकांना ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. सोळाव्या वर्षी झान एका उमरावाच्या वाड्यात स्वयंपाकघरात कामाला राहिली. एका खलाशाने तिला मागणी घातली, पण तिने नकार दिला. देवाला माझ्याकडून काही काम करून घ्यावयाचे आहे, ते अजून सुरू झालेले नाही, अशा अर्थाचे काहीतरी ती आईस म्हणाली, असे तिचे चरित्रकार सांगतात. ते काम सुरू व्हावयास पुढे कितीतरी वर्षे लागली! मधल्या काळात सेंट सर्वां या बंदराच्या गावी तिने इस्पितळात रोग्यांची शुश्रूषा केली आणि नंतर एका प्रौढ कुमारिकेच्या घरी बारा वर्षे चाकरी केली.

सन १८३९ चा हिवाळा. झान आता सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. फ्रांस्वाज ओबेर नावाची एक वयस्क स्त्री आणि व्हर्जिनी नावाची एक पोरकी तरुणी यांच्यासह ती भाड्याच्या लहानशा बिऱ्हाडात राहत असे. फ्रांस्वाज सूत कातीत असे. झान आणि व्हर्जिनी रोजाने लोकांची कामे करीत. अशा वेळी आन शोव्हाँ या अंध आणि अर्धांगाने पंगू झालेल्या विधवेची वार्ता तिच्या कानी आली. या विधवेची देखभाल करणारी बहीणही आजारी पडली होती. झानने तिला आपल्या घरी आणले. अरुंद जिन्यावरून तिला पाठीवर घेऊन ती वर चढली, असे सांगतात. घरी जास्तीचे अंथरूण नव्हते. झानने आपले स्वतःचे अंथरूण त्या विधवेला दिले आणि आपण माळ्यावर जाऊन निजू लागली.

लवकरच दुसरी म्हातारी आली. तिच्यासाठी व्हर्जिनीने आपला बिछाना सोडला. दिवसभर काम करून आलेल्या या बाया रात्री शिवणटिपण करीत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी घास घालीत. सन १८४१ मध्ये तळमजल्यावरची मोठी खोली भाड्याने घेतली, तेव्हा तेथे बारा वृद्धा होत्या. पुढच्याच वर्षी एक जुना मठ विकत घेण्यात आला.

या म्हाताऱ्यांपैकी पुष्कळजणी भीक मागून जगत आलेल्या होत्या. खोलीत सुखाने राहू लागल्यावरही त्या झोळी घेऊन बाहेर पडत. कारण पोटाची सोय त्यावरच होती. काहींना दारूचेही व्यसन होते. मिळालेले पैसे तिकडेच जात. झानने उपदेश केला नाही. आजवर तुम्हांला कोणकोण भिक्षा घालीत असे, ती घरे मला सांगा, असे तिने त्यांना विचारले आणि टोपली घेऊन ती स्वतः त्याच दारांवर जाऊन उभी राहिली. यापुढे म्हातारी येणार नाही, तिच्याऐवजी मी येईन, तुमचे दान मात्र चालू ठेवा, असे ती सांगे. तिला याची लाज वाटत नसे असे नाही. ब्रिटनीची माणसे मोठी मानी; स्वकष्टाचे खाणाऱ्या बाईने अनोळखी दारी हात पसरावयाचा, हे तिला फार जड गेले. एका चिडलेल्या गृहस्थाने तिच्यावर हात उगारला, तेव्हा ती म्हणाली की हे मला मिळाले, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या. ही गोष्ट या भगिनी आजही सांगतात.

सन १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला सत्कृत्याबद्दलचे माँत्यों पारितोषिक दिले. त्याची रक्कम ३,००० फ्रँक होती. त्या प्रसंगी झालेले भाषण छापले गेले, तर झानने ती पुस्तिका टोपलीत टाकली आणि नव्या गावी भिक्षेला जाताना ओळखपत्र म्हणून ती दाखवू लागली. रेन, दिनाँ, तूर, आंजे अशी एकामागून एक घरे उघडत गेली. आंजे येथील घरी म्हाताऱ्यांना कोरडीच भाकर खाताना पाहून तिने लोण्याची रिकामी भांडी संत जोसेफच्या पुतळ्यापुढे मांडून ठेवण्यास सांगितले. लोणी आले. पुतळ्यापुढे भांडी मांडण्याची ही रीत आमच्या काही सुशिक्षित मित्रांना भोळसट वाटेल. पन्नास म्हाताऱ्यांचे सकाळचे जेवण ज्यांनी कधी जमविलेले नाही त्यांनी हसावे, माझी हरकत नाही.

आता या इतिहासातील दुःखाचा भाग सांगितला पाहिजे, आणि तो एका धर्मगुरूविषयीचा आहे म्हणून तो झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. सेंट सर्वां येथील ल पायर नावाचे तरुण सहायक धर्मगुरू या कार्याला साहाय्य करीत होते. ८ डिसेंबर १८४३ रोजी भगिनींनी झानची वरिष्ठ म्हणून फेरनिवड केली. दोनच आठवड्यांनी या धर्मगुरूंनी ती निवड रद्द करून तेवीस वर्षांच्या मारी जामे हिला त्या जागी बसविले. झान पुन्हा टोपली घेऊन चालू लागली. सन १८५२ मध्ये तिला भिक्षेच्या कामावरूनही परत बोलाविण्यात आले आणि पुढील २७ वर्षे, मृत्यूपर्यंत, ती मातृगृहात एक साधी भगिनी म्हणून राहिली. क्रुसाची सिस्टर मेरी हे तिचे व्रतस्थ नाव. तिच्याभोवती वावरणाऱ्या शेकडो नवशिक्या मुलींना ही काठी टेकीत चालणारी म्हातारी कोण आहे, याची कल्पनाही नव्हती. संस्थेच्या संस्थापनेची हकिकत बदलून सांगितली जात होती. तीत संस्थापक म्हणून ल पायर यांचे नाव होते.

झान गप्प राहिली. तुम्ही माझे काम चोरले, पण मी ते तुम्हांला आनंदाने देते, असे तिने त्या धर्मगुरूंना हसत म्हटल्याचे सांगतात. एकदाच तिचा शब्द निर्णायक ठरला. सन १८६५ मध्ये संस्थेला कायमचे उत्पन्न स्वीकारता येईल अशी संधी आली होती. असे उत्पन्न घ्यावे की रोजच्या दानावरच राहावे, असा प्रश्न पडला. बाजूला सारलेल्या झानला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. तिने सांगितले, घेऊ नये. तसेच ठरले, आणि त्या कागदावर तिनेही सही केली. व्यवहारी माणसाला हा निर्णय वेडेपणाचा वाटेल. खरे सांगावयाचे तर आमच्या धर्मग्रामाचा जमाखर्च लिहिताना मलाही तो वाटतो!

१ मार्च १८७९ रोजी तेरावे लिओ पोप महाशय यांनी संस्थेच्या नियमावलीस मान्यता दिली. त्या वेळी भगिनींची संख्या सुमारे २,४०० होती. त्याच वर्षी २९ ऑगस्टला, वयाच्या ८६ व्या वर्षी, झान देवाघरी गेली. सन १८९० मध्ये रोमने चौकशी करून ल पायर यांना दूर केले. मारी जामे १८९३ साली मरण पावली. पहिली भगिनी आणि संस्थापिका आपण नसून झान होती, आपल्याला तसे वागावयास सांगण्यात आले होते, असे तिने अखेरीस बोलून दाखविले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी सोळावे बेनेडिक्ट पोप महाशय यांनी झानला संतपद दिले. कुष्ठरोग्यांचे सेवक फादर दामियन यांनाही त्याच दिवशी तो मान मिळाला.

या भगिनींना आपल्याकडे लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या नावाने ओळखतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांबरोबर त्या आतिथ्याचे चौथे व्रत घेतात. साठी ओलांडलेल्या निर्धनाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, स्त्री असो वा पुरुष, त्यांच्या घरी जागा असते. सन १८८२ मध्ये त्या कलकत्त्यास आल्या. मुंबईत अंधेरीला महाकाली गुंफांच्या रस्त्यावर त्यांचे वृद्धाश्रम आहे. तिकडे नातेवाइकांकडे जाणाऱ्या वाचकांनी एखादी दुपार काढून ते अवश्य पाहावे, आणि जाताना रिकाम्या हातांनी जाऊ नये.

कलकत्त्याच्या त्यांच्या सेंट जोसेफ होममध्ये डिसेंबर १९४८ मध्ये एक पाहुणी उतरली. लोरेटोचा मठ सोडून पाटण्यास शुश्रूषेचे शिक्षण घेऊन ती नुकतीच परतली होती. तिच्याजवळ ना घर होते, ना सोबतीण. सकाळी ती पांढरी निळ्या काठाची साडी नेसून मोतीझीलच्या झोपडपट्टीत मुलांना शिकवावयास जाई आणि दमलेल्या पायांनी परत या म्हाताऱ्यांच्या घरी येई. फेब्रुवारी १९४९ मध्ये तिला क्रीक लेनमधील एका कॅथलिक कुटुंबाने माडीवरची खोली दिली, तोवर मदर तेरेजा तेथेच निजत होत्या.